कवीचं ब्लँकेट

दोह्यात एक मराठी कवी राहत होता. दिवसा तो एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढायचा आणि रात्री कविता करायचा. नज्मा भागातल्या एका जुन्या इमारतीत तीन रूममेटबरोबर एक खोली, दोन बंक बेड आणि सामायिक फ्रिजमध्ये स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेला दह्याचा डबा, एवढा त्याचा इथला पसारा. संसार गुहागर तालुक्यात. तिथे बायको, म्हातारी आई आणि वडिलांनी लावलेली हापूसची कलमं. फॅमिली व्हिसासाठी पगाराची अट असते. सुरुवातीला तो तिच्यात बसत नव्हता, आणि बसायला लागला तोवर आईने अंथरूण धरलं होतं. मग तो एकटा राहिला तो राहिलाच. आम्ही सगळे त्याला कवीभाऊ म्हणायचो.

कविता बहुतेक विरहाच्या. आखातात राहणाऱ्याला हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. वृत्तात तो चुकत नसे, आवाज चांगला होता, आणि कवितेनंतर पुढच्या रांगेतल्या पर्समधून टिश्यू निघताना मी पाहिलेले आहेत. नवी कविता झाली की तो ती रेकॉर्ड करून बायकोला पाठवी, सोबत सूचना: शांत बसून, हेडफोन लावून ऐक. तिच्याकडून उलट ज्या व्हॉइस नोट्स येत त्यांत पंपाचा फुटव्हॉल्व्ह असे, आईंची साखर असे, सोसायटीचा हप्ता आणि वानरांनी खाल्लेल्या काकड्या असत. एकेक नोट चार-चार मिनिटांची. २०२१च्या उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा वेग दीडपट, दुप्पट करायची सोय आली आणि कवीभाऊचं काम सोपं झालं. पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसलं की इंडस्ट्रियल एरिया येईपर्यंत तो आदल्या दिवशीच्या सगळ्या नोट्स दुप्पट वेगाने ऐकून टाकी.

तो कंजूष होता असं मात्र कुणी म्हणू नये. पैसे वेळेवर जात, आणि सुट्टीला निघताना दर खेपेला तो एक ब्लँकेट नेत असे. आखातातून आलेलं ब्लँकेट ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णन नको. मिंक म्हणतात ते, पाच-सहा किलो वजनाचं, वर वाघ नाहीतर गुलाबाची फुलं, चेन लावलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत. विमानतळावरच्या पट्ट्यावर दोरीने आवळलेली ती पिशवी आली की कोकणातलं माणूस आलं हे लांबून कळतं. आता गुहागरात थंडी ती केवढी! जानेवारीतल्या चार पहाटा. पण गल्फला गेलेल्या माणसाने ब्लँकेट आणायचं, ही रीत त्याच्या आधीच्या पिढीने पाडून ठेवली होती. त्यामुळे एक आईच्या अंगावर आणि बाकीची माळ्यावर डांबराच्या गोळ्या घालून, अशी व्यवस्था होती.

करोनाने २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या सुट्ट्या खाल्ल्या. त्यातच २२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला. वाशिष्ठीचं पाणी पहाटे शहरात शिरलं आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. दीडशे वर्षांहून जुन्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं पाण्यात गेली. कवीभाऊचं गाव चिपळूण-गुहागर रस्त्यावर, उंचावर. तिथे पाणी येणार नव्हतं, पण फोन लागत नव्हते. रेंज परत आली तेव्हा बायकोच्या साताठ नोट्स एकदम धडकल्या. त्याने पहिली लावली, दुप्पट वेगाने. "आम्ही सुखरूप आहोत," एवढं ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने हात जोडल्याची खूण पाठवली. त्याच रात्री पुरावर एक दीर्घ कविता झाली. ती बायकोला गेली आणि आठवड्याने ऑनलाइन कविसंमेलनात वाचली गेली. वाहवा इतकी झाली की सूत्रसंचालकाला सगळ्यांचे माइक बंद करावे लागले.

त्या वर्षी १८ डिसेंबरला, म्हणजे कतारच्या राष्ट्रीय दिनालाच, अरब कप फुटबॉलची अंतिम लढत होती. त्या गर्दीत समुद्रकाठच्या कॉर्निशकडे जायची कुणाची छाती नव्हती. म्हणून आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, बिन महमूदमधल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दहा-बारा जण जमलो. यजमानीण ताई एका शाळेच्या ग्रंथपाल. त्यांना जुन्या मूकपटांचा नाद आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांनी प्रोजेक्टर लावला आणि सांगितलं, "सात मिनिटांचा आहे, वडे तळून होईपर्यंत संपेल."

चित्रपट १९०९ सालचा, अमेरिकेतला. नाव 'एडगर अ‍ॅलन पो'. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने अमेरिकन कवी पोच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने काढलेला. गंमत म्हणजे ज्याची शताब्दी त्याच्याच नावाचं स्पेलिंग शीर्षकात चुकलेलं. एक उघडीबोडकी खोली. खाटेवर आजारी बायको. कवी छाती पिटतो, केस उपटतो, एवढ्यात एका पुतळ्याच्या डोक्यावर एक डोमकावळा अचानक प्रकट होतो. कवीला कविता सुचते. तो ती घेऊन धावतो. एक संपादक त्याला उडवून लावतो, दुसरा पैसे देतो. कवी खाऊ, औषध आणि एक जाड पांघरूण घेऊन घरी येतो, ते बायकोच्या अंगावर घालतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की ती गेलेली आहे. संपलं.

मूकपट म्हटल्यावर आवाज कुणीतरी द्यायलाच हवा होता. कवीभाऊने सूत्रधाराचं काम स्वतःकडे घेतलं आणि रंगवलंही छान. मध्येच यजमानांचा नववीतला मुलगा म्हणाला, "आई, टू एक्स कर ना."

कवीभाऊ कडाडला. "अरे, कवीची बायको मरतेय तिथे! तुला कसली घाई झालीय?"

मुलगा गप्प बसला. वडे आले. अतिरेकी हावभावांना सगळे हसले होते, पण शेवटच्या पांघरुणाला कुणी हसलं नाही. खोलीत बसलेला प्रत्येक जण घरच्यांसाठी काहीतरी आणायला म्हणूनच समुद्र ओलांडून आलेला होता. एका वहिनींनी डोळे पुसले. "बिचारा," त्या म्हणाल्या. कवीभाऊ म्हणाला, "काय चुकलं त्याचं? गेला तो तिच्यासाठीच ना? कवीच्या नशिबी उशीरच लिहिलेला."

इथे ताईंनी प्रोजेक्टर बंद केला. त्या शाळेत असल्यामुळे म्हणा की स्वभावाने, चुकीची माहिती त्यांना सहन होत नाही.

"असं काही घडलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "'द रेव्हन' ही डोमकावळ्याची कविता छापली गेली जानेवारी १८४५मध्ये. पोची बायको व्हर्जिनिया गेली ३० जानेवारी १८४७ला. मध्ये दोन वर्षं आहेत. कविता विकून तो धावत आला आणि ती गेलेली, हे सगळं ग्रिफिथचं. आणि ती एकटी नव्हती. तिची आई, मिसेस क्लेम, त्यांच्याच घरात राहायची. चित्रपटाने सासूच कापून टाकली."

"सासू असली की शोकांतिका नीट होत नाही," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, ताई सोडून.

मग त्यांनी फोर्डहॅमची हकिकत सांगितली. न्यूयॉर्कबाहेरचं तेव्हाचं खेडं, आता ब्रॉन्क्सचा भाग. तिथलं पोचं छोटं घर अजून जपलेलं आहे. घरात खरंच इतकी गरिबी होती की व्हर्जिनिया गवताच्या गादीवर, अंगावर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट घेऊन पडलेली असे. मांजर छातीवर बसून तिला ऊब देई. भेटायला गेलेल्या एका बाईंनी हे पाहिलं आणि ओळखीच्यांत सांगितलं. त्यातून मेरी लुईझ श्यू नावाच्या दुसऱ्या बाई पिसांची गादी आणि पांघरुणं घेऊन आल्या. त्यांनी वर्गणीही जमवली. पांघरूण आलं ते असं, आणि ती जिवंत असताना आलं. ते कवितेच्या पैशातून आलेलं नव्हतं.

"आणि पो?" मी विचारलं.

"तो घरातच होता. कोट त्याचाच होता ना!"

मला विचाराल तर चित्रपटापेक्षा ही गोष्ट कितीतरी चांगली आहे. पण हिच्यात नायक कोण हे ठरवणं अवघड आहे, आणि १९०९ साली अर्ध्या रिळात चार बायका आणि एक मांजर बसवणार कुठे? ग्रिफिथलाही स्वतःला लेखक व्हायचं होतं, त्याची एक कविता छापूनही आली होती. त्यामुळे त्याला एकटा, गैरसमजात सापडलेला, थंडीत धावणारा कवीच दिसला. खाटेवर मरणारी नटी लिंडा आर्विडसन ही त्याची खरी बायको. चित्रपट कंपनीत मात्र हे लग्न त्यांनी लपवून ठेवलं होतं. पडद्यावर पत्नीवियोगाने ऊर बडवायला लावणारा हा दिग्दर्शक पुढे दोन-तीन वर्षांत तिच्यापासून वेगळा झाला. त्या कंपनीतले ते दिवस कसे होते हे पुढे लोकांना कळलं त्यात १९२५ साली आलेल्या तिच्या आठवणींच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडेही रेव्हरंड टिळकांच्या कविता आता किती जण काढून वाचतात? त्यांचं घर मात्र सगळ्यांना पाठ आहे, कारण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली.

ताईंना अजून दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पोने बायकोला लिहिलेलं एकच पत्र आज उपलब्ध आहे, १२ जून १८४६चं. आज रात्री घरी येत नाही, एका भेटीतून काही चांगलं निघण्याची आशा आहे, अशा अर्थाचं. हे ऐकल्यावर दोन-तीन पुरुष उगाचच आपापल्या फोनकडे बघायला लागले. आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइन दिनाला, व्हर्जिनियाने त्याच्यासाठी एक कविता लिहिली होती. ओळींची पहिली अक्षरं जुळवली की नवऱ्याचं नाव तयार होतं. तिला काय हवंय तेही त्यात सरळ सांगितलेलं: लोकांच्या जिभांपासून दूर एक लहानसं घर आणि तो सोबत. काही महिन्यांत ते फोर्डहॅमला गेले.

"म्हणजे तीसुद्धा लिहायची?" कवीभाऊने विचारलं.

"लिहायची ना. चित्रपटात तिला मरण्यापलीकडे काम नाही, म्हणून आपल्याला कळत नाही."

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं, करक चहाच्या दुकानासमोर गाडीत बसून. दोह्यात हॉर्न दिला की पोरगा कागदी कपात वेलचीचा दाट चहा घेऊन गाडीच्या काचेशी येतो. आमच्या इथल्या निम्म्या पुरुषांची मनं अशीच गाडीत मोकळी होतात.

त्या रात्री तो खोलीवर गेला, बंकवर चढला आणि व्हॉट्सअ‍ॅप मागे सरकवत जुलैपर्यंत आला. पुराच्या वेळच्या त्या नोट्स. पहिली सोडून बाकी सगळ्यांपुढची खूण अजून न ऐकलेल्याचीच होती. त्याने वेग एकपट केला. आधी नुसता पत्र्यावरचा पाऊस, मग ती. "अहो, ऐकताय ना? बचत गटाच्या बायका टेम्पो घेऊन चिपळूणला निघाल्यात, पेठमापला. लोक अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी आहेत तिकडे. माळ्यावरची ब्लँकेटं देऊ का? तुमच्या हौसेची आहेत म्हणून विचारते." पुढच्या नोटमध्ये टेम्पोचा हॉर्न. "दहाला निघतोय म्हणतायत. तुमचं उत्तर आलं नाही तर मी हो धरते." त्याच्या पुढची अगदी छोटी: "तुमचे जोडलेले हात आले. बरं झालं. चढवली सगळी. आईंनी अंगावरचं पण काढून दिलं."

मग तिच्याच नोट्सच्या खाली त्याची स्वतःची कविता होती, अकरा मिनिटांची. हेडफोन लावून ऐकण्याच्या सूचनेसह.

तेव्हा दोह्यात रात्रीचा एक वाजला होता, म्हणजे गुहागरात साडेतीन. तो जागाच राहिला. तिकडे सहा वाजल्यावर त्याने फोन लावला.

"काय झालं? इतक्या पहाटे?"

"ब्लँकेटं दिलीस ना पुरात?"

"आत्ता विचारताय? पाच महिने झाले."

"मी हो म्हटलंच नव्हतं. ते हात मी... ते वेगळे जोडले होते."

"हो का?" ती जरा थांबली. "मग नाही म्हणायचं होतं?"

"नाही नाही. दिलीस ते चांगलंच केलंस. रागावली नाहीस ना?"

"कशाला रागावू? कविता बरी होती तुमची. मी दोनदा ऐकली. ब्लँकेट काही आलं नाही त्यात, म्हटलं वृत्तात बसत नसेल."

तो म्हणतो, इतक्या वर्षांत त्याच्या कवितेवरचं हे सगळ्यात नेमकं मत. मी त्याच्याशी सहमत आहे.

"मे महिन्यात येतो," तो म्हणाला.

"मेमध्ये आंब्याचं काम असतं, माझं तुमच्याशी बोलणं होईल का? त्यापेक्षा पुढच्या महिन्यात या. फवारणीचा हा हात संपला की मी मोकळी आहे."

"काय आणू?"

"आईंना एक ब्लँकेट आणा. पहाटे पाय गार पडतात म्हणतात. वाघाचं नको, त्यांना भीती वाटते."

रविवारी ऑफिसच्या पँट्रीत त्याने हे त्याच्या सुदानी सीनियरला सांगितलं, चित्रपटासकट. म्हाताऱ्याने साखर ढवळता ढवळता अंतरा इब्न शद्दादची गोष्ट काढली. अरबांचा इस्लामपूर्व काळातला मोठा कवी आणि तसाच मोठा योद्धा. त्याचं अब्लावर प्रेम. तिच्या बापाने लग्नाची अट घातली, हीराच्या नुमान राजाकडचे एक हजार खास उंट आणून दे. कवी गेला, वाळवंटं तुडवली, लढाया केल्या, कैदेत पडला. त्या उंटांवर लोक शेकडो वर्षं रात्ररात्र गोष्टी सांगत आले आहेत. "एक लक्षात घे," म्हातारा म्हणाला, "उंट बापाने मागितले होते. अब्लाने नाही."

सुट्टीचा अर्ज भरायचा होता. वार्षिक रजा एप्रिलच्या आधी मिळत नव्हती, आणि भारतातून परतताना हॉटेलात क्वारंटाइन राहण्याचा खर्च तेव्हा ज्याचा त्याने करायचा होता. उरली ती तातडीची रजा. तिला कारण लागतं. त्याला ती पद्धत माहीत होती. कुणी वारलं तर त्याच दिवशी तिकीट मिळतं, इस्पितळाचा कागद असेल तर दोन दिवसांत. रूममेटने सुचवलं, आईच्या नावाने एखादं सर्टिफिकेट मागवून घे, डॉक्टर देतात. असं सर्टिफिकेट सगळेच मागवतात. एकाने तर आपल्या एकाच आजोबांना दोनदा मारलं होतं.

कवीभाऊने फॉर्म घेतला आणि कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: पत्नीची प्रकृती उत्तम आहे.

एचआरच्या बाई केरळच्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा वर केला आणि त्याला बोलावून घेतलं. "इथे 'नाही' राहिलंय का? उत्तम नाही, असं?"

"नाही मॅडम. उत्तमच आहे."

"मग तातडी कसली?"

"तीच," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे यजमान त्रिशूरला असतात, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर रांगेत तिघं उभे होते, प्रत्येकाच्या हातात इस्पितळाचा कागद. बाईंनी त्याची ओळ पेनाने खोडली, वर स्वतःच्या अक्षरात 'वैयक्तिक' लिहिलं, बिनपगारी नऊ दिवस टाकले, सही केली आणि सांगितलं की क्वारंटाइनचं बुकिंग आजच करून ठेव, जानेवारीत हॉटेलं मिळत नाहीत.